तुळशीरामजींचा दुपट्टा

शिरपूरहून सकाळी सातला सुटणाऱ्या अकोल्याच्या बसमध्ये ड्रायव्हरमागची पहिली सीट रोज एका दुपट्ट्यानं अडवलेली असते. दुपट्टा बसतो आणि त्याचे मालक, ऐंशी ओलांडलेले तुळशीरामजी, शेजारी उभे राहतात. मी पहिल्यांदा दुपट्टा सारून बसले, तेव्हा त्यांनी माझी पिशवी उचलून मागं नेऊन ठेवली. वाटेतल्या मालेगावच्या शाळेत अख्खा वर्ग गप्प बसवणारी मी, थक्क होऊन पाहतच राहिले.

"हे सवारीची जागा हाय, बाई."

"मग मी कोण आहे?"

"तुमी तं ठणठणीत दिसून राह्यल्या."

एसटी येण्याआधी शिरपूर ते अकोला त्यांच्या वडिलांची सर्व्हिस मोटार धावायची. पुढची जागा दवाखान्यात निघालेल्या माणसाची. कोणी आजारी नसेल तर ती रिकामी जायची. वडील गेले, मोटार भंगारात गेली, नियम राहिला. मालेगावला रोज कोणी ना कोणी कण्हत चढतंच. त्याला जागा देऊन हे परतीच्या बसनं घरी. घरी वाट पाहणारं कोणी नाही. मालेगावच्या पुढे मात्र जायचं नाही. "अकोल्याले जाईन तं आपल्या मोटरनं," म्हणजे कधीच नाही.

एकदा एक साहेब त्या सीटवर बसले.

"साहेब, काय दुखते?"

"काही नाही."

"मंग उठा."

साहेब उठले. मी सगळं वहीत लिहिते, पण हे लिहूनही मला खरं वाटेना.

गेल्या मंगळवारी मी रजा काढली. छातीत गाठ लागली होती. तपासणी अकोल्याला, उपाशीपोटी. घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे. वहीत यादी होती: फाइल, आधार कार्ड, शाल, बाटली. सोबत कोण, हे त्या यादीत लिहायचं मी टाळलं होतं.

बसमध्ये चढले. तुळशीरामजींनी दुपट्टा उचलला, त्यानंच सीट पुसली.

"बसा."

नवऱ्याला कळलं नव्हतं ते यांना कसं कळलं?

"मला कुठे काय झालंय?"

"मले काय मालूम. रोज स्टँडवर दोन चहा घेता. आज एकबी नाई घेतला."

मी बसले. फाइल मांडीवर घेतली.

मालेगाव आलं. रोज आम्ही दोघं इथेच उतरतो. कंडक्टर दार उघडून थांबला.

"बाबा, मालेगाव आलं ना. उतरता का नाई?"

मी मागं वळून पाहिलं. माझ्या मागच्या सीटवर तुळशीरामजी बसले होते. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अकोल्याचं तिकीट फाड," ते म्हणाले.