ऊन, पीठ, घास, साल, नाव

जनार्दनराव बरुआसागरहून स्कूटरवर घरी पोचले तेव्हा मागच्या सीटवर त्यांची बायको नव्हती, आल्याची पिशवी होती. वाटभर ते बोलत आले होते. विषय प्रमोदिनीबाईंच्या भावाचा होता आणि मागून एकदाही विरोध झाला नाही म्हणून ते खुशीत होते. आपलं म्हणणं बायकोला अखेर पटलं, असंही त्यांना वाटून गेलं.

घडलं होतं ते इतकंच. बरुआसागरच्या बाजारात प्रमोदिनीबाईंनी ती भली मोठी पिशवी सीटवर आदळली आणि कोथिंबीर राहिली म्हणून त्या मागे वळल्या. गाडी दबली. बायको बसली असं समजून जनार्दनरावांनी ती हाणली. बाई हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभ्या राहिल्या आणि नंतर बसमध्ये धक्के खात झाशीला, प्रेमनगरच्या घरी आल्या. तोवर जुडीतली कोथिंबीर मान टाकून बसली होती. प्रमोदिनीबाईंनी मात्र मान ताठ ठेवली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

त्यांचा मुलगा उत्तम हा इंटरनेट वाचून काळजी करणारा माणूस होता. त्याची बायको माहेरी गेली असल्यामुळे त्याला थांबवणारंही कुणी नव्हतं.

“बाबा, हे भूलणं नॉर्मल नाही,” तो म्हणाला. “ब्रेनचा मामला आहे. टेस्ट होईपर्यंत गाडी बंद.” आणि त्याने स्कूटरची चावी स्वतःच्या खिशात टाकली.

जनार्दनरावांचा चेहरा उतरला. रोज सकाळी स्कूटर काढून शहरात जायचं, गणेश मंदिराच्या कट्ट्यावर उरल्यासुरल्या मराठी मंडळींशी भांडायचं आणि जेवायला परत यायचं, हेच त्यांचं निवृत्त आयुष्य होतं. चावी गेली म्हणजे दिवसभर घरात बसायचं, तेही त्या कोथिंबिरीनंतर.

“चावी माझ्याकडे द्या की,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्या बबीनाच्या लष्करी छावणीत वाढलेल्या सुभेदाराच्या कन्या. लायसन्स त्यांनी कधीच काढून ठेवलं होतं, फक्त नवऱ्याने हँडलला हात लावू दिला नव्हता.

“तू? स्कूटर?” जनार्दनराव मनापासून हसले. त्या आठवड्यातलं ते शेवटचं हसू.

खाजगी दवाखान्यात स्मरणशक्ती तपासणाऱ्या निगम मॅडम नुकत्याच मोठ्या शहरातून शिकून आल्या होत्या. त्यांच्यापाशी एक स्टॉपवॉच, एक चित्रांची वही आणि रुग्णाशी बोलण्यासाठी खास राखून ठेवलेला मऊ आवाज होता. त्यांच्या चाचणीत सगळं प्रमाणित होतं: प्रश्न, वेळ, हसण्याची रुंदीसुद्धा. समोरचा माणूस तेवढा प्रमाणित करायचा राहिला होता.

“अंकल जी, आप इस समय किस शहर में हैं?”

“झाँसी में पैदा हुआ, झाँसी में रिटायर हुआ,” जनार्दनराव भडकले. “सुबह से नाम बदल गया क्या?”

मॅडमनी ‘चिडचिड’ असं लिहिलं. मग त्या म्हणाल्या, “अब पाँच शब्द बोलूँगी। थोड़ी देर बाद पूछूँगी, याद रखिएगा। ऊन, पीठ, घास, साल, नाव।”

जनार्दनराव सावध झाले. सगळी चावी या पाच शब्दांत अडकली होती. बाहेर त्यांची हिंदी उत्तम चाले, भाजीवाल्याशी, पोलिसाशी, पुजाऱ्याशी. पण डोक्यात जपून ठेवायच्या वस्तू ते आईच्या भाषेतच ठेवत. त्यांनी ताबडतोब एक गोष्ट रचली. उन्हात पीठ वाळत घातलं, त्याच्या भाकरीचा एक घास खाल्ला, वर केळं खाऊन साल टाकली, आणि साल टाकल्याबद्दल ओरडणाऱ्या बाईचं नाव प्रमोदिनी. गोष्ट इतकी पक्की बसली की मधले सगळे प्रश्न त्यांनी आनंदात सोडवले.

“अब वो पाँच शब्द बताइए।”

मॅडमना मराठी कुठून कळणार, म्हणून जनार्दनरावांनी सौजन्याने शब्द हिंदीत करून सांगितले. “धूप। आटा। निवाला। छिलका। नाम।” आणि उत्साहाच्या भरात एक जास्तीचाही दिला. “प्रमोदिनी।”

मॅडमचं पेन थबकलं. मग ते बराच वेळ चाललं.

बाहेर येऊन जनार्दनरावांनी उत्तमपुढे हात पसरला. “चावी आण. पाचपैकी पाच!”

उत्तमच्या हातात रिपोर्ट पडला. पाचपैकी शून्य. एकही मूळ शब्द नाही, आणि न सांगितलेला एक शब्द मात्र आहे, तोही पत्नीच्या नावाचा. जिला विसरल्याबद्दल त्यांना इथे आणलं होतं, तीच नको तिथे आठवली होती. उत्तमचे डोळे भरून आले. आपण बाबांशी फार कठोर वागलो असं वाटून त्याने त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. जनार्दनरावांनी तो हात झटकला आणि घरापर्यंत “ऊन, पीठ, घास, साल, नाव” अशी जपमाळ चालवली.

दार उघडताच उत्तमने आईपुढे रिपोर्ट धरला. प्रमोदिनीबाईंनी त्यातल्या शब्दांवर नजर टाकून नवऱ्याला विचारलं, “बरोबर म्हणताय की. मग त्या मॅडमला काय सांगितलंत?”

“धूप, आटा, निवाला...”

“अहो!” बाईंनी कपाळाला हात लावला. “तिने लोकर विचारली, तुम्ही ऊन दिलंत. तिची पीठ म्हणजे पाठ, घास म्हणजे गवत, साल म्हणजे वर्ष आणि नाव म्हणजे होडी! रोज बाजारात मी काय मराठीत भाव करते का?”

त्याच पावली तिघं परत दवाखान्यात गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, आवाज आणखी मऊ केला आणि मान हलवली.

“अंकल जी, टेस्ट हिंदी की है।”

“जवाब भी तो हिंदी में दिया!”

“वही तो गड़बड़ है। मराठी का इसमें प्रावधान नहीं। और तुरंत दुबारा लेंगे तो अभ्यास माना जाएगा। कुछ महीने बाद आइए।”

“यानी याद तो है इनको?” उत्तमने विचारलं.

“याद है। पर टेस्ट के हिसाब से नहीं है।”

जनार्दनराव खुर्चीत खचले. मेंदू शाबूत असूनही माणूस नापास होऊ शकतो, हे त्यांना बँकेच्या नोकरीतही कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची ती अवस्था बघून प्रमोदिनीबाईंना क्षणभर खरंच वाईट वाटलं.

“आंटी जी, आपको शब्द कैसे पता?” मॅडमनी सहज विचारलं.

“ऊन, पीठ, घास, साल, नाव. इनके रिक्शे से उतरते-उतरते सुन लिए,” बाई म्हणाल्या. “और अभी आपने हरी साड़ी वाली को पहले बुलाया, जबकि नंबर हमारा था।”

“आंटी जी की याददाश्त तो फ़र्स्ट क्लास है!” मॅडम उद्गारल्या. उत्तमला तेवढं पुरलं. त्याने खिशातून चावी काढली आणि तिथल्या तिथे आईच्या हातावर ठेवली. तज्ज्ञाच्या साक्षीने झालेल्या त्या हस्तांतराला जनार्दनरावांना हरकतही घेता आली नाही.

पुढच्याच रविवारी दोघं बरुआसागरला गेली. बाई पुढे, जनार्दनराव मागे, पदर तोंडावर येऊ नये म्हणून मान वाकडी करून. बाजारात जनार्दनरावांनी आल्याची पिशवी सीटवर ठेवली आणि ते कोथिंबीर घ्यायला वळले. गाडी दबली, सुरू झाली आणि गेली.

संध्याकाळी ते बसने आले. केसांत धूळ, हातात सुकलेली जुडी. प्रमोदिनीबाई चहाचा कप संपवून निवांत बसल्या होत्या. उत्तमने घाबरून निगम मॅडमचा नंबर शोधायला घेतला.

“आई, सच सांग, बाबा मागे नाहीत हे तू भूललीस?”

“छे रे,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि जुडीकडे बघून गोड हसल्या. “मला चांगलं आठवत होतं. म्हणून तर थांबले नाही.”