काशीराममामांची ओली फरशी

आमच्या हॉस्पिटलच्या दारातली फरशी काशीराममामा मुद्दाम ओली ठेवतात. पेशंट घरी निघाला की त्याला अनवाणी तिच्यावरून चालवतात आणि उमटलेली पावलं चोराचा माग काढावा तशी वाकून बघतात.

"कोणीतरी घसरून परत आत येईल, मामा!" मी ओरडतो.

"येऊ दे. पाऊल सरळ हाय का नाय ते तरी कळेल."

मी महाडमधला हाडांचा डॉक्टर, आणि उमरठचे मामा माझे ऑपरेशन थिएटरमधले मदतनीस. "आपला विश्वास नाय" हा त्यांचा मंत्र. एक्स-रेवर नाही, माझ्या मोजपट्टीवर नाही, माझ्यावर तर मुळीच नाही. चहात साखर घातलीय म्हटलं तरी ढवळून बघतात.

खरा राग मार्किंगच्या पेनावर. वाकडं जुळलेलं हाड सरळ करायचं तर कापण्याआधी त्याच्यावर उभी रेघ मारतात. कापताना हाड तापू नये म्हणून मामा वरून पाणी ओततात. कापल्यावर दोन्ही तुकड्यांवरची रेघ एका ओळीत आली की पाय सरळ. "शाईचा काय भरोसा? रेघ हाडात कोरा, डॉक्टर!" मामा बजावतात.

हा माणूस माझ्या चुका समोरच्या दवाखान्यात पोचवतो की काय, अशी शंका मला बरेच दिवस होती. पाळतही ठेवली. मामा नुसते पावलं बघत उभे राहायचे.

यंदा त्यांची बहीण वत्सला पुन्हा ऑपरेशनला आली. कशेडी घाटात ट्रकने उडवल्यावर तिचं मांडीचं हाड वाकडं जुळलं होतं. सहा वर्षांपूर्वी मीच ते कापलं, पण मधेच रेघ धुऊन गेली. मी नजरेने जुळवलं आणि तिचं पाऊल बाहेर वळलं ते वळलंच. मी पेनाला शिव्या घातल्या होत्या.

ऑपरेशनआधी हात धुताना मामा हळूच म्हणाले, "डॉक्टर, तेव्हा पेनाची चूक नव्हती. पाणी मी जास्त ओतलं. तिचं रगत बघवत नव्हतं."

मला राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. "रेघ गेल्यावर मी थांबायला हवं होतं, मामा."

या वेळी मी रेघ कोरली. मामांनी पाणी ओतलं. परत ओतलं. "रेघ हाय," ते म्हणाले. हाड कापून तुकडे जुळवल्यावर त्यांनी स्वतःची उकळून आणलेली मोजपट्टी लावली. "परत बघा." मी परत बघितलं.

तीन महिन्यांनी वत्सला ओल्या फरशीवरून काठीशिवाय चालली. दोन्ही पावलं सरळ.

"जाऊ, दादा? पोलादपूरची एसटी सुटेल."

"थांब गो. परत चाल."

तीनदा चालवून झाल्यावर मामा फरशीकडेच बघत म्हणाले, "तुझा पाय त्या वेळी माझ्यामुळे बिघडला. पाणी मी ओतलं."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "सहा वर्षं तू माझ्या पायाकडंच बघतोस. तोंडाकडं एकदा तरी बघितलंस का? आता तरी वर बघ रे."

मामांनी वर बघितलं.