अंबूबाईंच्या कोपऱ्यातला उजेड

उजेड हा माझा घरगडी आहे, असं मी त्या दिवसांत चारचौघांत म्हणत असे. लोणावळ्याला स्टेशनाच्या अलीकडे माझं फोटोचं दुकान आहे. मुंबईचे बंगलेवाले, पुण्याहून हवापालटाला आलेली नवी जोडपी, कड्यावर टोपी धरून उभे राहणारे साहेबलोक, सगळ्यांना मी एकच सांगायचो, "तुम्ही फक्त हलू नका. उजेडाचं माझ्याकडे लागलं." त्यावर माझी बायको कस्तुराबाई आतून म्हणायची, "कंदिलाची वात तेवढी यांना सरळ कापता येत नाही." घरच्या माणसांना कलेची किंमत नसते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं!

छत्तीस सालच्या मार्गशीर्षात औंढ्याचा कोंडाजी दुकानात आला. पन्नाशीचा, भरदार मिशीचा शेतकरी. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "सोपानराव, आमच्या आईचा फोटू काढायचाय. समद्या घरासंगं."

"आणा की सगळ्यांना."

"आईला उटवत न्हाई जागची. तुमालाच यावं लागंल."

"येतो. अंगणात खुर्ची मांडू, ऊन झकास आहे."

कोंडाजी जरा घुटमळला. "अंगणात न्हाई जमायचं. आमच्या बाचा फोटू अंगणातच काढला व्हता, खुर्चीत बसवून. पर तवा त्यो मेल्याला व्हता."

घराण्यात तेवढा एकच फोटो निघालेला. तेव्हापासून अंबूबाईंचा नियम पक्का होता: मेल्या माणसाचा फोटो अंगणात, जित्याचा घरात. आता मावळातलं घर म्हणजे कसं, ते तुम्ही पाहिलंच असेल. पावसाला भिऊन बांधलेलं. खिडकी नाही, एकच दार, आणि आत भर दुपारी माणूस आवाजावरून ओळखायचा. माझ्याकडे भपकन पेटणारी पूड होती, पण आदल्या वर्षी तिनं एका बंगल्यातला पडदा आणि बंगल्याच्या मालकाची अर्धी मिशी नेली होती. कोंडाजीच्या मिशीकडे पाहून मी तो विचार सोडला.

"काळजी नको," मी म्हणालो. "तुमच्या घरात कुठं किती उजेड आहे, ते मी तसूतसूनं मोजून काढतो. त्याचा नकाशा करतो. मग फोटो चुकायची बातच नाही."

उजेड मोजतात हे कोंडाजीनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. खरं सांगायचं तर अख्खी खोली मोजायची माझीही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजीच्या बैलगाडीतून मी औंढ्याला उतरलो. तो आणि त्याचा धाकटा भाऊ मारुती खळ्यावर भात झोडायला गेले. घरात अंबूबाई आणि दोघी सुना होत्या. लांबट माजघर, एका टोकाला दार, मध्यावर चूल, दुसऱ्या टोकाला भाताची कणगी आणि कणगीच्या कडेला घोंगडीवर अंबूबाई. ऐंशीच्या आसपास वय, आवाज मात्र खणखणीत.

"बाबा, हिकडं ये," त्या म्हणाल्या. मी कानाशी बसलो. "दोगा भावांचं दोन चुली करायचं चाललंय. मी तोंडानं काय बी बोलत न्हाई. पर त्याच्या आदी एका चुलीची समदी मानसं एका फोटूत घे. मंग मी डोळं मिटायला मोकळी."

यावर कुणाही शहाण्या माणसानं दोन घटका विचार केला असता. मी म्हणालो, "आजी, रांगोळी आहे का घरात?"

माझी पद्धत सोपी होती. आमच्या धंद्यात छपाईचा एक कागद असतो. त्याच्यावर उजेड पडला की तो आपोआप लालसर पडत जातो. उजेड जास्त तर रंग गडद. मी रांगोळीनं माजघरात आडव्या-उभ्या रेघा मारल्या, चोवीस चौकोन पाडले आणि प्रत्येकात त्या कागदाची एक-एक नंबर घातलेली चिठ्ठी खडा ठेवून मांडली. मग वहीवर नकाशा काढायला बसलो.

धाकटी सून धोंडाबाई परातीत तांदूळ घेऊन उभी होती. "हे कशापायी वो?"

"कुठली जागा किती चांगली ते कळायला. म्हणजे कुणाला कुठं द्यायची ते ठरवता येतं."

"मंजी थोरल्यांना कुटं, आमाला कुटं?"

"अगदी बरोबर. थोरल्यांकडचे उजव्या हाताला, तुम्ही डाव्या हाताला. रेघ मधून."

"आन चूल?"

मी चुलीकडे एक डोळा मिटून पाहिलं. "चुलीची अडचण आहे. ती मधेच येते. तिच्यावर काहीतरी झाकावं लागेल."

धोंडाबाईच्या हातातली परात हळूच खाली आली. आता तुम्ही म्हणाल, हिला विचारायचं तरी. पण मी उजेडाच्या नादात होतो. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्याचा हंडा आणून तिनं चार नंबरच्या चौकोनात ठेवला. चार नंबर दाराजवळचा, डाव्या हाताचा.

थोरली नंदाबाई गोठ्यातून आली. तिनं हंडा पाहिला, रेघा पाहिल्या, चिठ्ठ्या पाहिल्या. "अस्सं," एवढंच म्हणाली आणि स्वतः तीन नंबरच्या चौकोनात मांडी घालून बसली. चिठ्ठीवरच! शास्त्राच्या दृष्टीनं तीन नंबरला रात्र झाली.

"बाई, जरा उठता का?" मी विनवलं.

"ह्या घरात धाकटीच्या आदी धा वरसं आल्याली हाय मी. मला उटवनार कोन?"

धोंडाबाईनं मग सहा नंबरात पाटा आणला, नंदाबाईनं बसल्या जागेवरून हात लांबवून पाच नंबरात सूप ठेवलं. दोघींची मिळून आठ पोरं परसातून धावत आली आणि ज्याची-त्याची आई पाहून ज्या-त्या बाजूला बसली. अर्ध्या तासात माझ्या चोवीस चौकोनांत तेरा माणसांच्या घराचा संसार दोन बाजूंना मांडून झाला होता, आणि मधल्या रेघेवर एक कोंबडी उभी राहून कुठं जावं याचा विचार करत होती.

एवढ्यात भाऊ जेवायला आले. मारुतीनं दारातूनच पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "दादा, फोटूचं नाव करून वडगावचा मोजनीदार आनलास व्हय घरात?"

"मी? तुझीच बायकू हंडा घिऊन बसलीया की!"

"आन वैनी काय देवाला बसल्यात?"

"भाऊ, ऐका," मी मधे पडलो. "मी फोटोवाला आहे."

मारुतीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग क्यामेरा कुटंय?"

कॅमेरा बैलगाडीतच राहिला होता. मी आणायला वळलो तशी मारुतीनं माझी वही उचलली. तीत त्याच्याच घराचा नकाशा होता, चूल, कणगी, दार, सगळं नंबर घालून. कोंडाजी म्हणाला, "व्हायचंच हाय तर आजच हुंदे." मारुतीनं खुंटीवरचं दावं काढलं. दोघांनी दोन टोकं धरली आणि माझ्या रांगोळीच्या रेघेवरून, थेट चुलीच्या डोक्यावरून, घर मधोमध बांधून टाकलं. रेघ मात्र मी अगदी सरळ मारली होती, हे त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं.

मग कणगीच्या अंधारातून अंबूबाई बोलल्या. आवाज आता खणखणीत नव्हता. "झालं का रं मनासारखं? बाबा, तू जा. फोटू नगं आता. एका चुलीची मानसंच ऱ्हायली न्हाईत."

बंगल्यातला पडदा जळला तेव्हा मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? इथं एका म्हातारीची शेवटची हौस माझ्या शहाणपणानं जळाली होती. मी मुकाट्यानं चिठ्ठ्या गोळा करायला वाकलो. नंदाबाईला काय वाटलं कोण जाणे, ती उठली. तिच्याखालची चिठ्ठी पांढरीस्वच्छ होती. तिनं बाजूची दुसऱ्या नंबरची पाहिली. ती पिकल्या जांभळासारखी झाली होती.

"अगं बया," नंदाबाई म्हणाली. "ह्याला रंग कुनी दिला?"

"कुणीच नाही. उजेडानं."

आणि मग सगळेच बघायला लागले. खरं तर मीही त्या क्षणापर्यंत नीट पाहिलं नव्हतं. दाराशी जांभळा रंग, त्याच्यामागे विटेसारखा, चुलीपाशी हळदीकुंकू मिसळल्यासारखा, पुढं फिका, आणखी फिका. चोवीस चिठ्ठ्या, आणि कुणीही हात न लावता उजेडानं आपली हजेरी प्रत्येकीवर लिहून ठेवलेली. इतकी वर्षं मी उजेडावर पोट भरत होतो, पण तो घरात असा शिरतो, असा दमत-दमत पुढं जातो, हे मला ठाऊक नव्हतं. मला हात जोडावेसे वाटले, पण मीच शास्त्र सांगायला आलेला, म्हणून जोडले नाहीत.

कोंडाजी दाव्याखालून वाकून एकेक चिठ्ठी बघत आत सरकला. "मारत्या, हे खाचरावानीच हाय की रं. वरच्या खाचरानं पानी घेतलं की खालच्याला कमी. त्याच्या खालच्याला त्याहून कमी."

"व्हय," मारुती दुसऱ्या बाजूनं सरकत म्हणाला. "शेवटच्याला कायच न्हाई."

शेवटची चिठ्ठी चोवीस नंबरची, कणगीपाशी, अंबूबाईंच्या पायाशी. तिच्यावर रंगाचा मागमूस नव्हता. कागद दुकानातून आणला तसा कोराच्या कोरा. दोघे भाऊ ती चिठ्ठी मधे धरून उभे राहिले.

"आये, तू हितं कवापासनं बसतीस गं?" मारुतीनं विचारलं.

"तुमचा बा गेला तवापासनं. का रं?"

"हितं उजेडच न्हाई."

"मला काय करायचाय उजेड? मला समदं ठाव हाय कुटं काय हाय ते."

कोंडाजीनं डोळे पुसले. तो चांगला पन्नाशीचा गडी, सर्वांदेखत रडला आणि लाजलाही नाही. मग म्हणाला, "खालच्या खाचराला पानी पोचत न्हाई तर वरनं सोडाया पायजे." मारुतीला पुढचं सांगावं लागलं नाही. दोघेही शिडी घेऊन गेले आणि थोड्याच वेळात आमच्या डोक्यावर कौलं वाजायला लागली. एक निघालं, दुसरं निघालं, आणि उन्हाचा एक सोट सरळ खाली उतरून अंबूबाईंच्या पांढऱ्या केसांवर टेकला. म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले आणि त्यांच्याकडे कुणा दुसऱ्याचे असल्यासारखी पाहत राहिली. नंदाबाईनं दावं सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं.

"बाबा, आता काढ," अंबूबाई म्हणाल्या.

मी धावत कॅमेरा आणला. कणगीपाशी अंबूबाई, त्यांच्या दोन्ही अंगांना लेक, सुना, पोरं. सगळे सरमिसळ बसले, थोरले-धाकटे काही उरलं नव्हतं. नकाशाप्रमाणे घरातल्या उजेडाला चाळीस सेकंद लागत होते. मी चाळीस मोजले. तेरा माणसं चाळीस अंकांपर्यंत श्वास धरून बसली. उन्हात धुळीचे कण तरंगत होते, बाकी काही हललं नाही. असा फोटो आयुष्यात दुसरा काढला नाही, असं मला वाटलं, आणि ते खरं ठरलं.

कारण रात्री काचेची प्लेट धुतली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नकाशा होता कौलं निघायच्या आधीचा! ज्यांच्यावर जुना उजेड होता ती बाराच्या बारा माणसं अशी आली होती की मिशीचा केस मोजावा. आणि मधे, जिच्यासाठी हे सगळं केलं, ती अंबूबाई म्हणजे एक पांढराफटक लोळ. ना डोळे, ना नाक. खाली तेवढी दोन पावलं.

चार दिवस मी औंढ्याचं तोंड चुकवलं. मग फोटो घेऊन गेलो आणि दारातच सांगितलं, "माझी चूक झाली. आजींवर ऊन जास्त होतं, मी चाळीस मोजायला नको होते. पैसे नकोत."

कुणी ऐकूनच घेतलं नाही. नंदाबाईनं फोटोला हात जोडले, धोंडाबाईनं कुंकू आणलं. कोंडाजी मला समजावत म्हणाला, "आवं सोपानराव, चूक आसती तर आमी बी पांढरी झालू आसतू की. एकाच फोटूत एकाच मानसावर चूक कशी पडंल?"

याला उत्तर आहे. पण ते द्यायच्या आधीच धोंडाबाईनं फोटोला कुंकू लावलं.

"आईच्या अंगात ज्योत हाय," मारुती म्हणाला. "ती हाय तवर ह्या घरात दुसरी चूल पेटायची न्हाई."

सगळे बाहेर गेल्यावर अंबूबाईंनी मला जवळ बोलावलं. फोटो उन्हाच्या सोटात धरून त्या बोटानं माणसं मोजत होत्या. बारापर्यंत पोचल्या, मग पांढऱ्या लोळावर बोट ठेवून थांबल्या.

"तुझं चुकलंय, मला कळतंय," त्या हळूच म्हणाल्या. "पर कुनाला सांगू नगंस. मी मेल्यावर सांग."

म्हातारी पुढं सहा वर्षं जगली, एका चुलीवरचं जेवून. मी शब्द पाळला, पण त्यापायी भलतंच होऊन बसलं. घोरावाडीपासून लोक आपापल्या म्हाताऱ्या घेऊन दुकानात यायला लागले: आमच्या आईची ज्योत काढा. म्हातारी होती तोवर चूक सांगता येईना, आणि ती गेल्यावर कुणाला पटेना, म्हणून परवा बोलून गेलो, "ती काढता येत नसते. ज्याचं पुण्य असेल त्याचीच उमटते."

हे कस्तुराबाईनं आतून ऐकलं. आज सकाळच्या गाडीनं तिची आई सरुबाई वडगावहून नवं लुगडं नेसून आल्या आहेत आणि या घटकेला दुकानाच्या अंगणात भर उन्हात खुर्चीवर बसल्या आहेत. यावेळी उजेडबिजेड मोजायचा नाही असं मी ठरवलंय. सरळ शंभर मोजणार आहे!