कोरड्या नळातल्या बाया

नाथसागराचं पाणी इतकं आटलं, की बुडालेल्या एका गावाच्या देवळाची पायरी उघडी पडली.

खेकड्यासारखे प्राणी रांगेनं उजवीकडे सरकतात, एक पायरी उतरतात, डावीकडे सरकतात. जितके कमी उरतात तितके जोरात चालतात.

पाण्याची मोटर काढून ठेवल्यावर तिची वायर हौदात सोडायचं काही कारण उरत नाही.

नळाच्या तोटीला हिरवा खण बांधता येतो. बांगड्या मात्र घसरतात.

"हा बाप्या कोण?"

वर

पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत त्या उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून घरोघरी तोट्या उघड्या आणि खाली रिकामी बादली. माणसं बोलत असली तरी त्यांचा एक कान नळाकडे असे. पाण्याआधी नळातून हवा फुसफुसते. ती ज्याला आधी ऐकू येई, त्याच्या घरी त्या आठवड्यात अंघोळ.

टँकर आणण्याचं काम गल्लीनं रामप्रसादवर सोपवलं होतं. तो वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि त्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणजे टँकरचं ऑफिस उघडं असताना. तिथं जाऊन बसायचं आणि नंबर लागल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरलं. पहिल्या शुक्रवारी तिथल्या बाबूनं मान वर न करता 'पुढच्या आठवड्यात' म्हटलं आणि रामप्रसाद उठला. त्याला भांडता येत नसे. भांडता येत नाही हे बायकोला, दिपालीला, सांगताही येत नसे. पुढच्या शुक्रवारपासून तो ऑफिसात गेलाच नाही.

खाली

तो हौदात जाऊ लागला.

अंगणाखालचा हौद कोरडा ठणठणीत होता. आत गारवा होता. क्रांती चौकातल्या एका दुकानातून त्यानं जुना कन्सोल आणला होता आणि त्यासोबत एक डिस्क, जिच्यावर सुरुवातीच्या काळातले सगळे आर्केड खेळ एकत्र होते. लहानपणी पैठणच्या एसटी स्टँडामागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्यानं ते उभ्यानं खेळले होते. खेकड्यांची शेवटची रांग मात्र त्याला कधी संपवता आली नव्हती. इथं जमिनीखाली त्याला कुणी 'पुढच्या आठवड्यात' म्हणत नव्हतं.

दिपाली शिवणक्लासला गेली की तो झाकण सरकवून उतरे आणि आतून परत ओढून घेई. छोटा टीव्ही ठेवायला हौदात एकच कोनाडा होता. नळाच्या पाइपाचं तोंड त्याच कोनाड्यात उघडत होतं. पाइप कोरडा होता आणि गल्लीतल्या सगळ्या घरांना जोडलेला होता.

वर

नळातून आवाज पहिल्यांदा ऐकला तो गल्लीतल्या म्हाताऱ्या चतुराबाईंनी. आधी कुणीतरी भुकेलं, घाईघाईनं काहीतरी खात असल्यासारखं. मग ढम, ढम, ढम, खालून कुणी पायऱ्या चढत यावं तसं. पावलं जोरात होत गेली, अगदी तोटीपाशी आली आणि एकदम कुणी खोल पडत जावं तसा लांब सूर निघाला. नंतर सगळं शांत. बादलीत थेंब नाही.

शेजारणींनी आपापल्या तोटीला कान लावला. सगळीकडे तेच. कुणी म्हणालं हवा असेल. चतुराबाई म्हणाल्या, हवा दम घेत नाही.

ही सगळी गल्ली म्हणजे पूर्वी त्यांचं शेत होतं. त्यांचा मुलगा काकासाहेब यानं प्लॉट पाडले, तेव्हा शेतातली विहीर मुरूम टाकून बुजवली होती.

"हिरीत साती आसरा व्हत्या," चतुराबाई मुलाला म्हणाल्या. "बुजवताना इचारलं व्हतं का त्यांना?"

काकासाहेबानं तेव्हा तलाठ्यापासून कलेक्टर ऑफिसपर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. हे राहून गेलं होतं.

पाण्यातल्या त्या सात बायांची ओटी भरायचं ठरलं. विहीर उरली नव्हती, म्हणून नळाचीच ओटी भरली. हळदकुंकू, हिरवा खण, बांगड्या, खाली दहीभाताचा नैवेद्य. पुढच्या शुक्रवारी सगळी गल्ली चतुराबाईंच्या मोरीत जमली. पावलं सुरू झाली तसं एकीनं हात जोडून विचारलं, पाणी येईल का. नळातून खोल पडण्याचा सूर आला. म्हणजे नाही. काकासाहेबानं घसा खाकरून विचारलं, चूक माझी आहे का. नळानं आनंदी, नाचरी धून वाजवली.

म्हणजे हो. विहीर नेमकी कुठं होती, असं आईनं विचारल्यावर त्याला सांगावंच लागलं. अर्धवट बुजलेला खड्डा आयता होता, म्हणून ठेकेदारानं त्यातच एका घराचा हौद बांधला होता. रामप्रसादच्या.

गल्ली नारळ घेऊन निघाली. वाटेत शिवणक्लासातून दिपालीला उठवून घेतलं.

खाली

शेवटची रांग. दोन खेकडे उरले होते आणि रामप्रसादच्या तळहाताला घाम आला होता. तेवढ्यात कोनाड्यातल्या पाइपातून बांगड्यांचा आवाज आला. मग बायकांची कुजबुज. पुष्कळ बायकांची, अगदी कानापाशी. खाली हाय, खालीच हाय, असं त्या म्हणत होत्या. मग एक म्हातारा आवाज मायेनं म्हणाला, "वर ये, बाई."

हौदात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. त्यानं तरी मागं वळून पाहिलं. पडद्यावरचा एक खेकडा खाली पोचला.

"कोण?" रामप्रसाद म्हणाला.

वर

"कोण?" गल्लीतले सगळे नळ म्हणाले.

अंगणात झाकणाभोवती जमलेल्या बायका मागं सरकल्या.

"आसरा बाया असत्यात," चतुराबाई हळूच म्हणाल्या. "हा बाप्या कोण?"

काकासाहेब झाकण उचलायला वाकला. दिपालीनं त्या झाकणाच्या फटीतून आत गेलेली वायर पाहिली. मोटर तर त्यांनी हौद आटला तेव्हाच काढून माळ्यावर ठेवली होती. आणि तो 'कोण' ती रोज संध्याकाळी दार वाजवल्यावर आतून ऐकत होती. टँकर का येत नव्हता, ते तिला तिथं उभ्याउभ्या कळलं. झाकण उघडलं तर गल्लीला पण कळणार होतं आणि मग या गल्लीत तिला मान वर करून चालता येणार नव्हतं.

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि झाकणावर मांडी घालून बसली.

"देव हाय. उघडायचं नाय," ती म्हणाली. मग अंगणातल्या नळाकडे वाकली. "देवा, टँकर कवा येनार?"

खाली रामप्रसादनं तो आवाज ओळखला.

"उद्या," नळ म्हणाला.

"दर शुक्रवारी असंच ऐकती मी, देवा."

"उद्या सकाळी. शपथ."

"देवाला कुणाची शपथ?" चतुराबाईंनी विचारलं.

"बायकोची."

चतुराबाईंनी मान डोलावली. "लग्नाचा हाय. मग लबाड नाय बोलनार."

नारळ फुटला. दिपाली अंधार पडेपर्यंत झाकणावरून उठली नाही.

सकाळी रामप्रसाद कारखान्याला दांडी मारून टँकरचं ऑफिस उघडायच्या आधीच दारात होता. बाबूनं मान वर न करता 'पुढच्या आठवड्यात' म्हटलं. रामप्रसादला याही वेळी भांडता आलं नाही. त्यानं फक्त जे होतं ते सांगितलं, की बायको हौदावर बसली आहे आणि घरोघरच्या नळांना खण बांधलेत. बाबूनं मान वर केली. मग नंबर लिहून दिला.

टँकर आला. त्यानंतर गल्लीनं रामप्रसादला टँकरच्या कामातून मोकळं केलं, कारण आता देवालाच थेट विचारता येत होतं. पण दर शुक्रवारी दिपाली त्याला सकाळी ऑफिसात पाठवते, नंबर हातात घेऊन बघते आणि मगच झाकण उघडते. जेवणाचा डबा देते, वायर लावते आणि वर बसते. शेवटची रांग अजून राहिली आहे. मध्येच कुणी मुलीच्या लग्नाचं विचारतं आणि खेकडे खाली पोचतात.

चतुराबाईंच्या नळातून पहिल्यांदा आवाज आला तो होळीच्या दिवशी. रामप्रसादनं कन्सोल विकत आणला त्यानंतर पंधरा दिवसांनी, गुढीपाडव्याला.