कावळा लगेच शिवला

भुवनेश्वरी मॅडमनी ‘ॲक्शन’ म्हणायला तोंड उघडलं. ‘ॲक’ बाहेर पडलं आणि ‘शन’ यायच्या आत चेकर नावाचा कावळा गच्चीच्या कठड्यावरून सुटला. त्यानं पिंडाचा चांगला लचका तोडून नेला.

“कट! अरे कट, कट, कट!” मॅडम किंचाळल्या.

“मॅडम, कावळाय तो,” कॅमेऱ्यामागून विरेश म्हणाला. “त्याला कट म्हणून काय उपयोग?”

“मग कुणाला म्हणू? तुला?”

“मला तरी कशाला? मी बटण दाबायच्या आत तो जेवून मोकळा होतोय.”

संस्कृतीनं हातातली क्लॅपची पाटी खाली ठेवली. ती एरवी नववीत होती, पण आज सकाळपासून सहायक दिग्दर्शक होती, आणि हे पद तिला निव्वळ कावळ्याच्या वशिल्यानं मिळालं होतं. मॅडमची फिल्म दुःखावर होती. एका मुलीचे वडील जातात. ती रडत नाही, कुणाशी बोलत नाही, नुसती एका रानटी पक्ष्याला माणसाळवत बसते. शेवटी त्या पक्ष्यापुढे तिच्या तोंडून सगळं बाहेर पडतं. कथेत पक्षी शिकरा होता. पण आपण शिकऱ्याला पकडलं तर वनखातं आपल्याला पकडतं, हे मॅडमना सोलापुरात उतरल्यावर कळलं. तेव्हा संस्कृतीच म्हणाली होती, “शिकरा कशाला? आमच्या आबांकडं कावळाय की! पिंजऱ्यातला नाही, फिरता. बोलावला की येतो.”

फिल्म स्वतंत्र होती. स्वतंत्र म्हणजे नेमकं काय, ते संस्कृतीच्या आईला दुपारपर्यंत पुरतं समजलं. युनिटचं जेवण आपलं, वीज आपली, गच्ची आपली आणि पिंडाचा भातसुद्धा आपल्याच कुकरचा. युनिट तसं छोटं होतं. मॅडमनीच लिहिलं होतं, दिग्दर्शन मॅडमचंच, नायिकाही मॅडमच. उरलेलं सगळं विरेश. कॅमेरा भाड्याचा होता आणि तो संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत जायचा होता.

“पोरी, आता कितवा भात?” कुकर घेऊन वर आलेल्या आईनं विचारलं.

“शेवटचा, आई. प्रॉमिस.”

“मगाचाही शेवटचाच होता. इथं जिवंत माणसं उपाशी आहेत आणि कावळा चवथ्यांदा पंगतीला बसलाय.”

अडचण साधी होती. मॅडमना पिंडाला कावळा शिवायला नको होता. म्हणजे शिवायला हवा होता, पण उशिरा. आधी त्यांनी पिंडासमोर उभं राहून वडिलांशी बोलायचं, पानभर बोलायचं, आणि मग त्यानं यायचं. चेकरला ते पानभर मान्य नव्हतं.

“दहाव्याला लोक कावळा शिवावा म्हणून रडतात,” आई म्हणाली. “शिवू नये म्हणून रडणारी पार्टी मी पहिल्यांदा बघतेय.”

कोपऱ्यात खुर्ची टाकून आबासाहेब बसले होते. आबासाहेब एसटीतले निवृत्त कंडक्टर. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यांनी अजून जपला होता आणि तो टक्‌टक्‌ वाजवला की कावळा हजर व्हायचा. न सांगता येतो, डोळे वटारतो आणि डब्यात काय आहे ते तपासतो, म्हणून त्याचं नाव चेकर. आबांचं आज मात्र शूटिंगकडे लक्ष नव्हतं. पिंड दिसला की त्यांची जुनी जखम उघडी पडत होती.

“बघितलंस? लगीच शिवला,” ते प्रत्येक वेळी म्हणत. “रंभेच्या पिंडाला बी असाच. ठेवला न्हाय तोवर शिवला.”

रंभाबाई म्हणजे संस्कृतीची आजी. ती गेल्या वर्षी गेली. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून माणसं धड मागेसुद्धा सरकली नव्हती, तोच कावळा येऊन शिवून गेला. सगळे पाहुणे गहिवरले. पुण्यवान बाई, म्हणाले, एकही इच्छा मागं ठेवली नाही! मंद्रूपच्या पाहुण्यांना तर दुपारची गाडी मिळाली, म्हणून ते जास्तच गहिवरले. फक्त आबांचा चेहरा पडला.

“एकबी न्हाय?” त्यांनी तेव्हा विचारलं होतं, आणि तेव्हापासून ते रोज विचारत होते. “सगळा जन्म काढला माझ्यासंगं, आन्‌ जाताना माझ्यात जराबी जीव अडकला न्हाय? आमचा दोस्त महिपती गेला तवा दुपार कलली तरी कावळा फिरकला न्हाय. बायकोला किती मान मिळाला माहिताय? आन्‌ मी? मी म्हंजे काय ष्टॉप व्हय, गाडी न थांबता गेली?”

आबा कावळ्यांना घास घालायला लागले तेव्हा शेजारपाजारच्यांना वाटलं, म्हातारा दुःख विसरायला बघतोय. खरं तर ती चौकशी होती. चिमटा वाजवायचे, भाकरी द्यायचे आणि विचारायचे, “खरं सांग, काय म्हणाली ती?” चेकर खायचा आणि उडून जायचा.

“त्याचं पोटच भरून टाकू या!” संस्कृतीला एकदम सुचलं. “भूक नसली तर तो थांबेल. मग मॅडम बोलतील!”

कल्पना सगळ्यांना पटली. हीच तर चूक झाली. संस्कृतीनं टाकीजवळ कडक भाकरी कुस्करली, वर शेंगाचटणी घातली, शिळं पिठलंही ओतलं. चेकरनं ते बघितलं. खाल्लं नाही. मान वर करून त्यानं सगळ्या गल्लीला आवाज दिला.

आधी विजेच्या तारेवरचे आले. मग समोरच्या लिंबावरचे. मग कुठून आले ते कळलंच नाही, पण गच्ची काळी झाली. भाकरी संपली, पिठलं संपलं, पिंड संपला आणि विरेशची बिस्किटं पुड्यासकट गेली.

“चिमटा थांबवा, आबा!” मॅडम ओरडल्या.

“मी कुटं वाजवतोय? फुल्ल झालीय गाडी, तुमीच आवरा!”

आपल्या गच्चीवरचं संपलं तेव्हा सगळी जमात शेजारच्या गच्चीवर उतरली. तिथं पार्वतम्मांनी साडीवर सांडगे घातले होते. पुढच्याच क्षणी पार्वतम्मा काठी घेऊन कठड्याशी आल्या.

“अय्यो, काय चाललंय वो हितं? आमच्यात पिंड न्हाय, कागी न्हाय, कावळा न्हाय, काय न्हाय! आमी मान्साला पुरतो आन्‌ गच्चीवर सांडगे घालतो. तुमी कावळ्यांचं लगीन लावलाय व्हय?”

“सॉरी, अज्जी,” मॅडम म्हणाल्या आणि घाईघाईनं कन्नडमध्ये माफी मागू लागल्या.

पार्वतम्मांची काठी खाली आली. “तू आमच्यातली?”

“अक्कलकोटची.”

“मग तुला हे पिंडाचं कुणी शिकवलं?”

“नेटवर वाचलं.”

“अगं शिव! नेटवर वाचून कुणी दहावा करतंय?”

मॅडम मटकन खाली बसल्या. “माझे बाबा गेले, अज्जी. त्यांना पुरलं, सगळे घरी आले आणि झालं. त्यांच्या मनात काय राहिलं ते मी कुणाला विचारायचं? मला वाटलं, ह्या लोकांना विचारायला निदान कावळा तरी आहे.”

“असून काय उपेग?” कोपऱ्यातून आबा म्हणाले. “कावळा बी तोंडावर दार बंद करतोय.”

ऊन उतरायला लागलं होतं. पाचव्या भाताचा पिंड ठेवला गेला. आता चेकर टाकीवर पोट फुगवून बसला होता आणि पिंडाकडे ढुंकूनही बघत नव्हता. मॅडम उभ्या राहिल्या. पिंडापासून वीतभर अंतरावर. हात पसरून त्यांनी सुरुवात केली, “बाबा! तुम्ही मला का सोडून गेलात? आज हे आभाळ—”

“थांबा, थांबा!” आई कुकर आपटून पुढे आली. सकाळपासून ती धरून होती, ते आता सुटलं. “अहो, असं कोण बोलतं? पिंडाच्या अंगावर उभं राहून, भाषण केल्यासारखं? कावळा काय, माणूससुद्धा येणार नाही! आधी लांब व्हा. आणखी लांब. हात जोडा. तोंडानं काही बोलायचं नाही. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते आपल्याला ठाऊक असतं, तेवढंच मनात म्हणायचं. एका वाक्यात. मी नाही का आत्याबाईंच्या वेळी—”

आणि तिनं घाईनं कुकर उचलला.

आबांची खुर्ची करकरली. “रंभेच्या वेळी काय?”

“काही नाही, आबा. भात लावते.”

“सूनबाई. काय?”

आईनं पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. “आत्याबाई दवाखान्यात रोज एकच म्हणायच्या. पोरांचं काही नाही, सोन्याचं काही नाही. माझ्या माघारी ह्यांना कोण सहन करणार गं, म्हणायच्या. कुणाशी पटायचं नाही ह्यांचं. डोळ्याला पाणी यायचं त्यांच्या. म्हणून घाटावर पिंड ठेवल्या ठेवल्या मी मनातल्या मनात म्हटलं, आत्याबाई, काळजी करू नका. आबांना मी सहन करीन. तेवढ्यात कावळा आला.”

टाकीवरचा चेकर जागचा हलला नाही.

“म्हंजे अडकला हुता,” आबा म्हणाले.

“हो.”

“माझ्यात.”

“तुमच्यातच. दुसऱ्या कशातच नाही.”

आबांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढलाच नाही. मॅडमही रडत होत्या, अगदी जशा त्यांना फिल्ममध्ये रडायचं होतं तशा. पार्वतम्मा सांडगे विसरून डोळे पुसत होत्या.

“विरेश,” मॅडम पुटपुटल्या, “कावळा थांबला होता रे. ताईंचं बोलणं होईपर्यंत थांबला. घेतलंस ना?”

विरेशनं कॅमेऱ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. “बॅटरी वाचवत होतो, मॅडम. म्हटलं शॉटला लागंल.”

मॅडमनी त्याला कन्नडमध्ये काय म्हटलं ते संस्कृतीला कळलं नाही. पार्वतम्मांनी मात्र कानावर हात ठेवले.

“ताई,” मॅडम आईकडे वळल्या, “माझं ते पान मी फाडलं. तुम्ही हेच पुन्हा एकदा बोलाल? कॅमेऱ्यापुढे?”

“मुळीच नाही. एकदा बोलले, बास झालं.”

“बास कसं?” टॉवेलमधून आबा बाहेर आले. सकाळपासून शूटिंगकडे लक्ष नसलेले आबा ताड्‌कन उभे राहिले. “घ्या की रिटेक! पहिल्यापास्नं सांग, सूनबाई. दवाखान्यापास्नं. डोळ्याला पाणी यायचं, ते सोडू नगंस.”

मग काय विचारता! आईनं ते एकदा सांगितलं, आबांना आवाज लहान वाटला. दुसऱ्यांदा सांगितलं, आबा म्हणाले, “‘ह्यांना’वर जोर दे. ह्यांना म्हंजे मी.” तिसऱ्यांदा त्यांनी मध्येच महिपतीच्या बायकोला फोन लावला, “वैनी, अडकला हुता बरं का! लई अडकला हुता! सूनबाईनं सोडवला, न्हायतर आमी अजून घाटावरच बसलो असतो!” भरल्या पोटाचा चेकर तेवढ्या वेळात एकदाही खाली उतरला नाही. शेवटी ऊन गेलं, बॅटरीही गेली आणि रिक्षात कॅमेऱ्याच्या पेट्या चढवत मॅडम म्हणाल्या की पुढच्या महिन्यात पुन्हा येते. आईनं कुकरकडे बघून डोळे मिटले.

युनिट गेलं, पण आबा जागेवर आले नाहीत. वर्षभराची मरगळ झटकून ते घरभर फिरू लागले. चहा गार लागला. पंखा हळू वाटला. ओसरीतला दिवा उगाच चालू दिसला. “भाजीत मीठ कमी हाय,” त्यांनी चव न घेताच सांगितलं.

“आबा, जरा शांत बसाल का?”

“का म्हणून? तू शब्द दिलायस न्हवं रंभेला?” ते खुशीत म्हणाले. “मग कर की सहन!”

आई सरळ गच्चीवर गेली. संस्कृतीही मागोमाग. पिंड अजून तसाच होता, टाकीवर चेकरही तसाच. आई लांब उभी राहिली, हात जोडले आणि डोळे मिटले.

“आई, काय करतेस?”

“विचारतेय आत्याबाईंना. सोमवार ते शुक्रवार मी करीन. शनिवार-रविवार तुझ्या पप्पांवर सोपवले तर चालेल का?”

चेकरनं अंग झाडलं. टाकीवरून सरळ खाली झेपावला आणि पिंडाला चोच लावून उडाला.

खाली दारात मोटरसायकल थांबली. एमआयडीसीतून दमूनभागून आलेले पप्पा शीळ घालत जिना चढत होते.