पालखीत बसलेला बोर्ड

दत्ताभाऊ कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी हलवून बघतात. नारळ काय, कुणीही हलवून बघतो. दत्ताभाऊ छत्री, कुलूप, इस्त्री असं सगळं कानाशी धरून हलवतात आणि दुकानदाराला विचारतात, "ह्ये नाचंल काय?" माझ्या मुलीसाठी मुलगा बघायला गेलो तेव्हा शेजारी असूनही मी त्यांना बरोबर नेलं नाही, ते याच भीतीने.

त्यांचं रत्नागिरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. एलईडी दिव्यांच्या पट्ट्या मुंबईहून नुकत्याच येऊ लागल्या होत्या. शिमग्यात देवीच्या पालखीला त्या लावायच्या, असं दत्ताभाऊंच्या मनाने घेतलं. दिवेही एकामागून एक पळते हवेत. म्हणजे ते चालवायला मायक्रोकंट्रोलरचा, दिव्यांना हुकूम सोडणाऱ्या इवल्या संगणकाचा, बोर्ड आला. मानकऱ्यांनी बजावलं की पालखी खांद्यावर नाचते, तिला ओझं नको. आणि नाचताना दिवे विझले तर पुन्हा कधी नाव काढायचं नाही.

दत्ताभाऊंनी तीन बोर्ड मागवले. परीक्षा घ्यायची रीत त्यांचीच. एका बांबूला बोर्ड, बॅटरी आणि पट्टी बांधायची. एक टोक त्यांच्या खांद्यावर, दुसरं माझ्या, आणि भर दुपारी अंगणात नाचायचं. तोंडाने ढोलही तेच वाजवायचे. आमच्या हिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

पहिला बोर्ड साबणाच्या डबीएवढा. चालला छान, पण पालखीत दिसला असता. दुसरा नखाएवढा, त्याला दोनच पट्ट्या जोडता येत होत्या. तिसरा बोटाएवढा आणि सहा पट्ट्या चालवणारा, पण चौथ्या उडीला त्याच्या वायरी निसटल्या. दत्ताभाऊंनी त्या थेट बोर्डावर कथलाचा डाख देऊन पक्क्या केल्या, बोर्डाखाली रबराची गादी घातली आणि आम्ही पुन्हा तासभर नाचलो. दिवे हूं की चूं करेनात. या माणसाच्या चिकाटीला मी तेव्हाच मनातून हात जोडले.

पालखी सजवताना मानकऱ्यांनी सहज विचारलं, हे निळं रबर कसलं? दत्ताभाऊ भाबडेपणाने सांगून बसले की जुन्या स्लिपरचं. देवीच्या पालखीत वहाण! मानकऱ्यांनी सगळं उतरवायला सांगितलं. कुणापुढे कधी न वाकलेले दत्ताभाऊ तिथे उभ्याउभ्या रडवेले झाले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "पन दिवे राहू द्या. आयशीला आता उजेड तेवढा कळतो. दोन वर्सं पालखी अंगणात येते आनि ती भलतीकडंच हात जोडते."

 मानकऱ्यांनी मग स्वतः नारळाचं सोडण सोलून गादीसाठी काथ्या दिला. रबर गेलं, काथ्या आला, आणि देवीची क्षमा मागून झाली.

दिवेलागणीला पालखी दत्ताभाऊंच्या अंगणात नाचू लागली. त्यांची आई पडवीत खुर्चीवर होती. दिवे जिकडे पळाले तिकडे तिची मान वळत होती, जोडलेले हात वळत होते. 

"दत्ता, बघ रे," ती सांगत होती, "आता विहिरीकडं गेली. आता वळली बघ."

दत्ताभाऊ नुसते हूं हूं करत होते. डोळ्यांत इतकं पाणी होतं की त्यांना पालखी दिसतच नव्हती.