आतलं दिसलं पायजे

पुंडलिककाकांच्या घरातल्या एकाही वस्तूला पाठ नाही. भिंतीवरच्या घड्याळाची चाकं उघडी, रेडिओचं पोट उघडं, टेबलफॅनला तर पुढची जाळीसुद्धा नाही. नवी वस्तू घरात आली की काका आधी स्क्रूड्रायव्हर शोधतात, मग चष्मा.

"आतलं दिसलं पायजे, गो. झाकलेल्या वस्तूवर आपला भरोसा नाय."

हे ते मला गेली वीस वर्षं सांगताहेत. धसईत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. काका मुरबाडच्या बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर उघडायला बस उरली नाही, म्हणून ते शेवंतीकाकूंची झाकणं उघडू लागले. टोपातला भात शिजताना त्यांना दिसावा लागतो. कुकरचं झाकण मधेच उघडता येत नाही, म्हणून कुकरमधला भात ते खात नाहीत.

"आंधळं भांडं हाये ते," काका म्हणतात.

"आणि हे डोळस!" काकू म्हणतात. "परवा वाफेनं भुवई भाजून घेतली."

त्यांची एकुलती एक मुलगी, वैशालीताई, दोन वर्षांपूर्वी नर्स म्हणून जर्मनीला गेली. काका पोचवायला विमानतळावर गेले होते, पण त्यांना दारातूनच परत फिरवलं. विमान जवळून बघायला मिळालं नाही, हे त्यांना फार लागलं. ताई पोचल्यावर त्यांनी फोनवर जेवलीस का विचारलं नाही. कुठल्या सीटवर होतीस, ते विचारलं.

"एकतिसाव्या रांगेत, बाबा. बाजूची सीट रिकामीच होती. मस्त पाय पसरून झोपले."

त्यानंतर दर रविवारी दुपारी चारच्या फोनवर काका विमानाच्या आत काय काय असतं ते विचारत राहिले. शेवटी कंटाळून ताईने एक खोकं पाठवलं. त्यात हातभर लांबीचं, सुटे भाग जोडून करायचं विमान होतं. त्याचं अंग पूर्ण पारदर्शक होतं आणि आत सगळ्या सीटा दिसणार होत्या. काकांनी ते प्लॅस्टिक उजेडात धरलं आणि फिरवून फिरवून पाहिलं. एवढी शहाणी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून मला बोलावणं आलं. मी इंग्रजी शाळेत शिकले. गावात माझी ओळख 'ती, बोलत नाही ती' अशी आहे. मला वाचायला सांगितलं की बरं वाटतं, कारण वाचताना स्वतःचं काही बोलावं लागत नाही.

महिनाभर रोज संध्याकाळी मी वाचायचे आणि काका चिमट्याने सीटा चिकटवायचे. प्रत्येक सीट गव्हाच्या दाण्याहून लहान.

"कंडक्टर कुठं बसतो यात?"

"नसतो, काका."

"मग घंटी कोन मारतो? आन् महिलांसाठी राखीव रांग कुठली?"

मागच्या दारावर त्यांनी भिंग लावून, सुईच्या टोकाने 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलं. एकतिसाव्या रांगेपाशी मात्र मला पाणी आणायला पाठवलं. परत आले तेव्हा ती रांग लावून झाली होती.

शनिवारी दुपारी विमानाचे दोन अर्धे भाग एकमेकांना जोडायचे तेवढे राहिले होते. दुसऱ्या दिवशी ताईला दाखवायचं ठरलं होतं. काकांनी खिशातून झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाची नळी काढली. पुस्तिकेत चौकटीत लिहिलं होतं, पारदर्शक भागांना हा गोंद चालणार नाही.

"काका, तो गोंद नको लिहिलंय," मी म्हटलं.

"बसचा आरसा बसवलाय या गोंदानं. खड्ड्यातबी हलला नाय."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

विमान जोडून झालं. त्यावर धूळ बसू नये म्हणून काकांनी काकूंचं पितळी घमेलं पालथं घातलं. त्या घरात काकांनी काही झाकून ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी सकाळी घमेलं उचललं, तर विमान आतून पांढरंफटक. गोंदाची वाफ कोंडून प्लॅस्टिकवर बसली होती. काकांनी धोतराच्या सोग्याने बाहेरून पुसलं, मग पुन्हा पुसलं. आतलं काहीच दिसेना.

"कागदावर होतं, काका. मी हळू बोलले."

"बोलली व्हतीस तू. मीच ऐकलं नाय." मग थोड्या वेळाने, "पन पुढच्या टायमाला मोठ्यानं बोल. डेपोत हळू बोलनाऱ्याच्या पायी दुसऱ्याचं बोट जातं."

"आता गं पोरीला काय दाखवायचं?" काकू म्हणाल्या.

काका जेवलेही नाहीत. दुपारी ओटीवरून करकर आवाज येऊ लागला, म्हणून मी गेले. काका हॅक्सॉ करवतीचं पातं घेऊन विमानाचं छप्पर कापत होते. चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी ते झाकणासारखं उचलून बाजूला ठेवलं आणि आतली पांढरी भुकटी रंगाच्या ब्रशने झाडली. सगळ्या सीटा दिसू लागल्या.

ताईचा व्हिडिओ कॉल आला. फोन धरायला माझ्या हातात दिला होता.

"बाबा, छप्पर कुठंय?"

"काढलं. एकतीस मोज."

मी फोन जवळ नेला. एकतिसाव्या रांगेत, खिडकीशी, तांदळाची एक कणी उभी चिकटवली होती. तिला लाल ठिपक्याची टिकली होती.

ताई हसली. "ही मी?" मग थांबली. "आणि ही बाजूला दुसरी कणी कुणाची? ती सीट तर रिकामी होती, बाबा."

काका पात्याला लागलेला भुसा बोटाने काढत राहिले.

"रिकामी व्हती म्हनून तर बसलो," ते म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी काकांकडे न बघता फोन विमानावरच धरून ठेवला.